चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताय? या चुका टाळा

बंद पडलेलं मल्टिट्रॅक मशीन (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर भरता येणारा रेकॉर्डर) उघडलं, दिवा लागला, चाकं फिरली, की लोक लगेच मूळ कॅसेट आत घालतात. ही घाई मीही केली आहे. मित्राच्या बँडची ती एकुलती एक कॅसेट होती. आवाज स्वच्छ येतोय हे पाहून मी दुसऱ्या खोलीत गेलो. परत येतो तर गाणं बंद आणि हातभर फीत पिंच रोलरभोवती, म्हणजे फीत दाबून धरणाऱ्या रबरी चाकाभोवती, गच्च गुंडाळलेली. कॅप्स्टन (फीत चालवणारा फिरता दांडा) फीत पुढे ढकलत होता, पण ती गोळा करणाऱ्या चाकाचा पट्टा सैल पडल्याने चाक ओढतच नव्हतं. फीत सोडवून सपाट केली, पण सुरकुतलेल्या जागी आवाज अजूनही बुडतो. ते कडवं गेलं ते गेलंच. तेव्हापासून आधी टाकाऊ कॅसेट पूर्ण वाजवतो, पुढे-मागे पळवतो, आणि मशीनपाशीच बसतो.

पट्टा एक गेला की सगळे बदला. जुन्याचं डांबर झालं असेल तर पुलीवरचा कण न् कण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरबँड लावून काम भागवणाऱ्यांचा मला राग येतो. सूर डळमळतो आणि तोच डळमळीत सूर कायमचा उतरवला जातो.

दुसरी चूक म्हणजे ‘कॅसेटच ती, कुठल्याही डेकवर वाजेल’ हा समज. साध्या कॅसेटला दोन्ही बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात. 1979 साली टॅस्कॅम कंपनीचा पोर्टास्टुडिओ 144 हा कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा रेकॉर्डर आला, त्याने चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि वेग सेकंदाला 4.76 ऐवजी 9.5 सेंटिमीटर ठेवला. अशी कॅसेट साध्या डेकवर निम्म्या वेगाने वाजते आणि तिसरा-चौथा ट्रॅक दुसऱ्या बाजूला उलटे ऐकू येतात. सॉफ्टवेअरमध्ये ते सुलटे करता येतात, पण दोन खेपांत फितीचा वेग तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे ढोल आणि गिटार हळूहळू एकमेकांपासून सुटतात. त्यात रेकॉर्डिंग डीबीएक्स (आवाज दाबून भरून फितीची खरखर कमी करणारी पद्धत) लावून केलेलं असेल, तर ते न उलगडता आवाज नुसता फुगतो आणि दबतो. म्हणून बदली मशीन घेण्याआधी कॅसेट कशावर भरली ते शोधा. कंपनी तीच असून भागत नाही: टॅस्कॅमच्याच 144 वर डॉल्बी ही खरखर कमी करणारी वेगळी पद्धत, 244 वर डीबीएक्स, पोर्टा वन तर साध्याच वेगाचं.

कॅसेटच्या मागच्या दोन्ही खुंट्या आधी तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही.

फितीवरचा आवाज वाचणारं हेड प्रत्येक कॅसेटआधी पुसा. हेडच्या कोनाचा स्क्रू मात्र आंधळेपणाने फिरवू नका; झांजेचा आवाज ऐकत, केसभर.

वेग कमी-जास्त करायचं बटण मध्यावर आहे का, तेही बघा.

आणि उतरवताना चार ट्रॅक चार वेगळ्या फायलींत, एकाच वेळी घ्या. ‘मिक्स करूनच उतरवू, वेळ वाचेल’ म्हणणारे वर्षभराने तीच झिजलेली कॅसेट घेऊन परत येतात.