नाशिकच्या गच्चीवरून अपोलो ११ ची जागा शोधताना

पौर्णिमा टाळा. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत आणि लहान विवरं हरवतात. अपोलो ११ साठी शुद्ध सप्तमी धरा, फार तर अष्टमी. षष्ठीला ती जागा अंधारातही असू शकते. सप्तमीला तिथे नुकतंच उजाडलेलं असतं, आणि नासानेही उतरायला अशीच सकाळ निवडली होती. सूर्य क्षितिजापासून साधारण ११ अंश वर हवा, म्हणजे लांब सावल्यांमुळे खाचखळगे दिसतात. २० जुलै १९६९ ला अमावास्या होऊन सहा दिवस झाले होते.

नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्च सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा सप्तमीचा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो. शहराच्या दिव्यांनी चंद्राला फरक पडत नाही. त्यासाठी गंगापूर धरणापर्यंत जायची गरज नाही. खरा त्रास तापलेल्या स्लॅबचा. एप्रिल-मेमध्ये त्यातून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते, म्हणून दुर्बीण अंगणात मातीवर मांडा. दुर्बिणीतला आरसा थंड व्हायला ती अर्धा तास आधी बाहेर ठेवा.

१३० मिमी आरसा आणि ६५० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण पुरते. २५ मिमीच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने (२६ पट), शांतिसागराचा काळसर सपाट भाग गाठा. मग १० मिमीची नेत्रिका आणि दुप्पट बार्लो (चित्र आणखी मोठं करणारं जोडभिंग) लावून १३० पट करा. सागराच्या पश्चिम काठावर साबाइन आणि रिटर ही सुमारे ३० किमी व्यासाची जोडविवरं दिसतील. साबाइनपासून चंद्राच्या उजळ कडेकडे १०० किमी, म्हणजे साबाइनच्या साडेतीन व्यासांएवढं सरका. तिथेच अपोलो ११ चं यान ईगल उतरलं. खूण म्हणून दक्षिणेला ४५ किमीवर साडेसहा किमीचं मोल्टके विवर आहे.

नकाशा जुळत नाही अशी तक्रार बहुतेकांची असते. न्यूटोनियन, म्हणजे वरच्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. नकाशा १८० अंश फिरवला की झालं. भिंगाच्या दुर्बिणीला डायगोनल (नेत्रिकेआधीचा तिरका आरसा) असेल तर डावं-उजवं बदलतं, तिथे नकाशा आरशात बघावा लागतो. म्हणूनच वर 'उजवीकडे' न म्हणता 'उजळ कडेकडे' म्हटलंय.

यान मात्र दिसणार नाही. पाय पसरून ते जेमतेम ९ मीटर, आणि १३० मिमीच्या दुर्बिणीला चंद्रावर दीड-दोन किमीपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. हबल या अवकाश दुर्बिणीलाही ते जमत नाही.

हात बसला की अष्टमी-नवमीला चंद्रावरच्या अपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी हॅडली घळ शोधा. जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ तिच्या काठाशी उतरलं. घळ दीडेक किमी रुंद आहे, त्यामुळे २०० मिमीची दुर्बीण आणि अगदी स्थिर हवा लागते.