लेखकाची कागदपत्रे ग्रंथालयाकडे सोपवताना

घरातील लेखक गेल्यानंतर कपाट आवरण्याची घाई होते आणि बरेचसे नुकसान त्या पहिल्या काही दिवसांतच होऊन जाते. म्हणून कागद हलवण्यापूर्वी कपाट, खण आणि टेबल जसे असेल तसे छायाचित्रांत टिपावे व कोणता गठ्ठा कोठे होता याची नोंद करावी. पत्रे तारखेप्रमाणे, कविता निराळ्या, कात्रणे निराळी अशी लावालाव घरच्यांनी करू नये. एखाद्या कथेच्या खर्ड्यात लेखकाने तारीख असलेले पत्र किंवा किराणा मालाची पावती ठेवलेली असेल, तर बिनतारखेचा तो खर्डा कोणत्या सुमाराचा असावा, हे पुढे अभ्यासकाला त्या शेजारावरूनच ताडता येते. घरखर्चाच्या वह्या, मानधनाचा हिशेब, खाडाखोडीने भरलेली मुद्रिते म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, हे सारे रद्दीत जाण्याचा धोका सर्वाधिक. मला मात्र हेच कागद पक्क्या प्रतीहून मोलाचे वाटतात.

गंजलेल्या टाचण्या आणि रबर हलक्या हाताने काढावेत, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, आणि कागद फाटला असला तरी चिकटपट्टी लावू नये किंवा लॅमिनेशन करू नये, कारण कालांतराने पट्टीचा गोंद कागदात मुरतो आणि लॅमिनेशन कागदाला इजा न करता सोडवता येत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणांतील आम्लामुळे शेजारचा कागदही पिवळा पडतो, म्हणून मध्ये आम्लमुक्त कागद घालावा. पावसाळ्यात खोकी जमिनीपासून उंच आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर असावीत. कसर किंवा बुरशी लागलेला गठ्ठा लगेच वेगळा करावा.

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून घराघरांतली जुनी दप्तरे जपत आले आहे. संस्था कोणतीही निवडली, तरी ती सूची करणार का, कागद कोण पाहू शकेल आणि पुढे ते अन्यत्र हलवले जातील का, हे आधी विचारून दानपत्रात लिहून घ्यावे. कागद दिल्याने त्यांतील मजकुराचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) आपोआप जात नाही. प्रकाशित साहित्यावरील हा हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. लेखकाला आलेल्या पत्रांतील मजकुराचा हक्क तर ती पत्रे लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो. हयात व्यक्तींविषयीची नाजूक पत्रे जाळण्याऐवजी ठरावीक वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची अट घालावी.

गठ्ठ्यांना क्रमांक देऊन केलेल्या यादीची, दोन्ही पक्षांच्या सह्यांची एक प्रत घरी ठेवावी. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ पत्रे घेऊन बसावे आणि त्यांतले ‘बाळ’, ‘ताई’, ‘अण्णा’ म्हणजे नेमके कोण, हे त्यांना विचारून पत्रावर नव्हे, तर वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती त्याच गठ्ठ्यात ठेवावी.