ओपसमध्ये अवकाशीय ध्वनी एन्कोड करताना: आधी चॅनलची ओळख, मग बिटरेट

ओपस या ध्वनी दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये अनेक चॅनलचा ध्वनी एन्कोड करायला घेतला की पहिला प्रश्न बहुधा बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा याचा, विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. बिटरेट कमी पडला तर आवाज खरखरतो आणि ते कानाला लगेच कळते. पण चॅनलची ओळख चुकली तर आवाज अगदी स्वच्छ राहतो, फक्त समोरची व्यक्ती डावीकडून बोलू लागते, आणि मूळ ध्वनी ज्याने ऐकलेला नाही त्याला यात काही बिघडले आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून हातातली फाइल कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. ५.१ किंवा ७.१ मध्ये प्रत्येक चॅनल एका ठरावीक स्पीकरचा असतो. अँबिसॉनिक्समध्ये, म्हणजे श्रोत्याभोवतीचा सगळा ध्वनी दिशांसह साठवण्याच्या पद्धतीत, तसे नसते: पहिला चॅनल सर्व दिशांनी येणारा एकत्रित ध्वनी साठवतो आणि उरलेले चॅनल दिशांची माहिती देतात. दिशांचा तपशील किती बारीक आहे ते ‘ऑर्डर’ सांगते; पहिल्या ऑर्डरला ४, दुसरीला ९ आणि तिसरीला १६ चॅनल लागतात. ओपस हा फरक हेडरमधल्या (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या) ‘मॅपिंग फॅमिली’ या एका आकड्याने नोंदवतो. फॅमिली १ ही जास्तीत जास्त आठ स्पीकर-चॅनलसाठी आहे, फॅमिली २ आणि ३ अँबिसॉनिक्ससाठी २०१८ मध्ये आरएफसी ८४८६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने ठरवून दिल्या, आणि २५५ म्हणजे चॅनलना कोणताही अर्थ न देता ते सुटे ठेवणे.

सर्वांत फसवी स्थिती पहिल्या ऑर्डरची आहे. चार चॅनलची फाइल काही न सांगता ओपसएन्क या ओपस एन्कोडरला दिली, तर तो तिला पुढचे दोन आणि मागचे दोन अशा चार स्पीकरांचा संच समजतो, त्यांच्या स्टीरिओ जोड्या लावतो आणि तक्रार न करता काम संपवतो. ज्या चॅनलमधल्या परस्पर फेजवर (लहरींच्या एकमेकींशी असलेल्या मेळावर) दिशेची सारी माहिती उभी आहे, त्यांना डावे-उजवे मानून दाबले गेलेले असते. हे टाळण्यासाठी ओपसएन्कच्या ‘चॅनल्स’ या पर्यायाला ‘अँबिक्स’ (अँबिसॉनिक्स चॅनलचा क्रम आणि पातळ्या ठरवणारी एक पद्धत) हे मूल्य द्यावे. एफएफएमपेग हे रूपांतराचे साधन वापरत असल्यास मॅपिंग फॅमिली स्वतः लिहावी. फॅमिली २ मध्ये प्रत्येक चॅनल स्वतंत्र एन्कोड होतो, तर फॅमिली ३ मध्ये चॅनल आधी एका मॅट्रिक्सने मिसळले जातात आणि तो उलगडण्याचा मॅट्रिक्स हेडरमध्येच जातो.

मात्र एन्कोडरला ‘अँबिक्स’ असे सांगितल्याने फाइल अँबिक्स होत नाही; ती तशी असावी लागते. डब्ल्यू म्हणजे एकत्रित ध्वनीचा चॅनल, एक्स पुढे-मागे, वाय डावी-उजवी आणि झेड वर-खाली या दिशांचा. अँबिक्समध्ये क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा असतो. जुन्या फुमा पद्धतीत तो डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असा असतो आणि डब्ल्यूची पातळी सुमारे ३ डेसिबलने खाली ठेवलेली असते. पहिल्या ऑर्डरपुरते रूपांतर सोपे आहे: डब्ल्यूला १.४१४ ने गुणावे आणि बाकीच्या तिघांचा क्रम बदलावा. वरच्या ऑर्डरमध्ये इतर चॅनलचे गुणकही बदलतात, त्यामुळे तिथे हे काम रूपांतर करणाऱ्या प्लगइनवर सोपवावे. एकेका चॅनलची पातळी वेगवेगळी नॉर्मलाइझ करण्याचा (कमाल पातळीपर्यंत वाढवण्याचा) मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण चॅनलच्या पातळ्यांमधले गुणोत्तर म्हणजेच दिशा. वाढवायचे असेल तर सगळ्यांना एकच गेन द्यावा.

स्पीकर-चॅनलच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. वेव्ह आणि फ्लॅकमध्ये ५.१ चा क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (खोल बासचा चॅनल), मागचा डावा, मागचा उजवा असा असतो; ओपसच्या आत तो डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई असा होतो. ही अदलाबदल साधन स्वतः करते, म्हणून आपण हाताने क्रम बदलू नये; बदलल्यास तो दोनदा बदलला जाऊन मधला संवाद भलत्याच स्पीकरवर जातो. एफएफएमपेगने ‘५.१ साइड’ मांडणी नाकारली, तर मागच्याऐवजी बाजूचे चॅनल असे लेबल लागले आहे इतकाच त्याचा अर्थ असतो, आणि मांडणी साध्या ५.१ मध्ये बदलली की काम पुढे सरकते. तिथेही मॅपिंग फॅमिली १ स्पष्ट लिहावी, कारण ती न लिहिल्यास एलएफई आणि सराउंडसाठीच्या खास सुधारणा वापरल्या जात नाहीत.

आता बिटरेट. अँबिसॉनिक्ससाठी प्रत्येक चॅनलला ६४ किलोबिट धरून सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या ऑर्डरला २५६ आणि तिसरीला १०२४; ५.१ साठी एकूण २५६ पुरेसे ठरतात. मूळ फाइल ४८ किलोहर्ट्झची असलेली बरी, कारण ओपसचे डिकोडिंग मुळात त्याच दराचे आहे.

मूळ प्रत जपण्यासाठी मात्र ओपस नव्हे, तर काहीही न गमावणारा फॉरमॅट वापरावा. फ्लॅक आठ चॅनलवर थांबतो, त्यामुळे दुसऱ्या ऑर्डरपासून वेव्हपॅक घ्यावा लागतो. साध्या वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादाही इथे लवकर गाठली जाते: १६ चॅनल, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ असतील तर ती सुमारे ३१ मिनिटांतच भरते, म्हणून आरएफ६४ हा वेव्हचाच मोठ्या फाइलसाठीचा प्रकार निवडावा.

खरी फाइल एन्कोड करण्याआधी एक चाचणी-फाइल करावी, जिच्यात ‘समोर’, ‘डावीकडे’, ‘वर’ असे शब्द त्या त्या दिशेला ठेवलेले असतील. ती एन्कोड करून पुन्हा डिकोड करावी आणि बायनॉरल रेंडररमधून (हेडफोनवर दिशा ऐकवणाऱ्या साधनातून) ऐकावी. ‘समोर’ डावीकडून, ‘डावीकडे’ वरून आणि ‘वर’ समोरून ऐकू आले, तर फुमा फाइल अँबिक्स म्हणून वाचली गेली आहे हे निश्चित समजावे. कानांवर विसंबायचे नसेल, तर हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या साधनात) ‘ओपसहेड’ या अक्षरांपासून मोजलेला १९वा बाइट पाहावा. अँबिसॉनिक्सच्या फाइलमध्ये तो २ किंवा ३ असायला हवा, आणि तिथे १ दिसल्यास ती फाइल पुढे न पाठवता मूळ प्रतीपासून पुन्हा एन्कोड करावी.