गाणी लिहिता ना? मग गोष्टीकडे आणि पटकथेकडे कसं वळायचं, निक केव्हकडे बघून

बँडमध्ये गाणारी, स्वतःची गाणी स्वतःच लिहिणारी बरीच पोरं-पोरी कधी ना कधी विचारतात की मला कादंबरी लिहायचीय, फिल्म लिहायचीय, सुरुवात कुठून करू आणि त्यासाठी म्युझिक सोडावं लागेल का. मी सगळ्यांना एकच सांगतो, निक केव्ह ऐका, वाचा आणि बघा.

थोडक्यात माणूस कोण ते सांगतो. जन्म १९५७ चा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वॅरॅकनाबील या छोट्या गावातला, वडील इंग्रजीचे शिक्षक, आई लायब्ररियन. मेलबर्नला शाळेतल्या मित्रांबरोबर बँड काढला, १९८० मध्ये सगळे लंडनला गेले, बँडचं नाव बर्थडे पार्टी झालं, पुढे पश्चिम बर्लिन, १९८३ मध्ये बँड फुटला आणि केव्हचा नवा बँड बॅड सीड्स सुरू झाला. तो बॅड सीड्स आजही चालू आहे. म्हणजे दोन कादंबऱ्या आणि इतक्या पटकथा लिहूनही ह्या माणसाने गाणं सोडलेलं नाही, त्यामुळे म्युझिक सोडायचं का हा प्रश्न इथेच मिटवून टाका.

आता कामाला लागू. तुमची सगळी गाणी काढून बसा आणि त्यातली अशी गाणी बाजूला काढा ज्यात बोलणारा 'मी' तुम्ही स्वतः नाही, दुसरंच कोणीतरी आहे. एकही सापडलं नाही तर आधी तसं एक गाणं लिहा, कादंबरी नंतर. केव्हचं १९८८ चं 'द मर्सी सीट' ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. इलेक्ट्रिक चेअरवर बसवलेला माणूस बोलतोय, आपण निर्दोष आहोत म्हणतोय, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, शब्द जवळजवळ तेच, मरणाची भीती नाही वगैरे, आणि प्रत्येक वेळी एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. अगदी शेवटच्या फेरीत तो म्हणून जातो की आपण बहुतेक खोटं बोललो. एवढंच, पण त्या एका बदललेल्या ओळीने मागचं अख्खं गाणं उलटं होतं, आपण इतका वेळ कोणावर विश्वास ठेवला हे तपासावं लागतं. कादंबरीत निवेदक म्हणतात तो हाच. तुमच्या गाण्यातला माणूस कुठे खोटं बोलतोय हे तुम्हाला माहीत असेल तर तुमच्याकडे कादंबरीचं बी आहे असं समजा.

पुढची गोष्ट मला ह्या सगळ्या करिअरमधली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. बर्थडे पार्टीच्या शेवटच्या दिवसांत 'स्वाँपलँड' नावाचं गाणं होतं, त्यात एक माणूस दलदलीत रुततोय आणि त्याच्या मागावर लोक आहेत. त्या गाण्याची केव्हने पटकथा केली, ती फिल्म काही झाली नाही. पण तो माणूस त्याच्या डोक्यातून गेला नाही आणि बर्लिनमध्ये राहून काही वर्षं घासून त्याने त्याची कादंबरी केली, 'अँड द ॲस सॉ द एंजल', १९८९ मध्ये आली. तिच्यातला युक्रिड जन्मतः मुका आहे आणि दलदलीत बुडता बुडता आपली कथा सांगतोय. ज्याला तोंडाने एक शब्द बोलता येत नाही त्याच्या डोक्यात शब्दांचा असा पूर आलाय की वाचताना दमायला होतं. दुसरी कादंबरी, २००९ ची 'द डेथ ऑफ बनी मन्रो', तीसुद्धा आधी पटकथाच होती. म्हणून माझं सांगणं असं की एका रूपात अडकलेली गोष्ट फेकून देऊ नका, तिचं रूप बदलून बघा. गाण्यात मावत नाही तर पटकथा, पटकथेला पैसे लावणारा कोणी नाही तर कादंबरी. पटकथेला निर्माता लागतो, कॅमेरा लागतो, शंभर माणसं लागतात, कादंबरीला तुम्ही आणि वही.

आता गाणी लिहिणाऱ्यांची एक सवय असते ती मोडावी लागते. आपल्याला प्रत्येक ओळ टाळ्या घेणारी हवी असते. पहिल्या कादंबरीत केव्हचं ते दिसतं, वाक्यं दाट, बायबलच्या वळणाची, जुने आणि स्वतः बनवलेले शब्द, मला ती आवडते पण मी कोणाला पहिली ती वाचायला देत नाही. आधी 'बनी मन्रो' वाचा. ब्राइटनमधला बायकांच्या मागे लागणारा, दारोदार सौंदर्यप्रसाधनं विकणारा सेल्समन, बायको आत्महत्या करते आणि हा नऊ वर्षांच्या पोराला गाडीत घालून फिरतीवर निघतो. बाप कोणाच्यातरी घरात माल विकायला गेलाय आणि पोरगा गाडीत बसून एन्सायक्लोपीडिया वाचतोय, डोळे सुजलेले, औषध हवंय आणि बापाला ते आणायचं सुचत नाही. बघा इथे एकही भारी वाक्य लागत नाही. औषध न आणणं एवढ्यानेच बाप कळतो, आणि पोराचं त्याच्यावर तरीही प्रेम आहे म्हणून आणखी त्रास होतो. सराव म्हणून दोन पानं अशी लिहा ज्यात एकही उपमा नाही आणि एक माणूस दुसऱ्यासाठी करायचं काम करत नाही.

पटकथेकडे येऊ. इथे केव्हला उपयोगी पडली ती जुनी ओळख. दिग्दर्शक जॉन हिलकोट हा ऑस्ट्रेलियातलाच, १९८८ च्या त्याच्या तुरुंगावरच्या फिल्ममध्ये केव्ह सहलेखक होता आणि त्याने कामही केलं होतं. पुढे हिलकोटला ऑस्ट्रेलियन वेस्टर्न करायची होती, केव्हला आधी फक्त संगीतासाठी विचारलं होतं, स्क्रिप्ट काही जमेना तेव्हा म्हणाला तूच लिही. केव्हने ती काही आठवड्यांत लिहून दिली. ती २००५ ची 'द प्रपोझिशन'. म्हणून तुमच्या गाण्याचे व्हिडिओ करणारा, शॉर्टफिल्म करणारा जो मित्र आहे ना, त्याला धरून राहा, काम तिथूनच येतं.

ती फिल्म पेन घेऊन बघा. १८८० च्या दशकातला ऑस्ट्रेलियाचा ओसाड मुलूख, पोलीस कॅप्टन दोन भावांना पकडतो आणि मधल्याला सांगतो, नाताळच्या आत मोठ्या भावाला मारून ये, नाहीतर धाकट्याला फाशी. संपलं! एक अट, एक मुदत, तीन भाऊ, पहिल्या काही मिनिटांत सगळं टेबलावर. आपल्या पोवाड्यात किंवा त्यांच्याकडच्या बॅलडमध्ये जसं दोन कडव्यांत पेच उभा राहतो तसाच, आणि गाणी लिहिणाऱ्याला हे हाताशी असतंच. तुमची गोष्ट आधी अशी एका वाक्यात लिहा, त्यात अट आणि मुदत दोन्ही हवीत, मुदत नसली की पटकथा मधेच बसते. बाकी तंत्र फार नाही, वर्तमानकाळात लिहा, दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहा, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा. आणि मनातलं लिहायचा मोह आवरा, ते संगीतावर सोडा, केव्हने स्वतः बॅड सीड्समधल्या वॉरन एलिसबरोबर त्या फिल्मचं संगीत केलंय आणि जिथे माणसं गप्प आहेत तिथे तेच बोलतं.

दुसऱ्याच्या पुस्तकावरून लिहिणं हा वेगळा धडा आहे, त्यासाठी केव्हनेच लिहिलेली २०१२ ची 'लॉलेस' बघा, मॅट बॉन्डुरंटच्या कादंबरीवरची, व्हर्जिनियातले चोरटी दारू गाळणारे भाऊ. पण हक्क घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या पुस्तकावर सहा महिने घालवू नका, सरावाला एखादं प्रकरण करून बघा फार तर. आणि लिहिलेलं सगळं पडद्यावर येतंच असंही नाही, 'ग्लॅडिएटर'चा नायक रसेल क्रो याच्या सांगण्यावरून केव्हने त्या फिल्मचा पुढचा भाग लिहिला होता, तो नाकारला गेला.

शिस्तीबद्दल एकच सांगतो. केव्हने बरीच वर्षं हेरॉइनच्या व्यसनात काढली, पण त्यातून लेखन आलं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. सुटल्यावर तो नोकरी करणाऱ्यासारखा सूट घालून रोज ऑफिसात जाऊन लिहायला बसायचा. टूरवर असाल तरी सबब नाही, २०१४ च्या उत्तर अमेरिका टूरमध्ये त्याने विमानात मिळणाऱ्या उलटीच्या पिशव्यांवर लिहिलं आणि त्याचं 'द सिक बॅग साँग' पुस्तक झालं. तुमच्याकडे पुणे-मुंबई गाडीतले तीन तास आहेतच.

पहिला मसुदा झाला की कोणालाही मेल करायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या आणि तिथे ऑनलाइन रजिस्टर करा. गीतकार आणि पटकथाकार दोघांची ती एकच संघटना आहे, त्यामुळे तुमची जुनी गाणीसुद्धा त्याच वेळी रजिस्टर करून टाका.