सांडपाण्याचं काम हाती घेण्याआधी गावाने करायची तयारी

खणायचं काम चैत्र-वैशाखात असलं तरी तयारी आश्विनातच सुरू करा. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि जमिनीतलं पाणी किती वर येतं ते कळतं. चार-पाच विहिरींत दोरी सोडून पातळी मोजा, ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. शोषखड्ड्याचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्याचा, तळ आणि ही पातळी यांत निदान दीड-दोन मीटरचं अंतर हवं. भर उन्हाळ्यात पाहून खणलेले खड्डे पावसाळ्यात खालूनच भरतात, आणि घाण थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते.

मग माती तपासायची. मुरमात पाणी भराभर जिरतं, काळी चिकण माती मात्र भिजली की फुगून बसते. प्रत्येक आळीत हातभर खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाण्याने भरून मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि खुणा केलेली काठी उभी करून दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरलं ते पाहा. कोरड्या मातीत घागरभर ओतून ‘जिरतंय की’ म्हणू नका, कोरडी माती सुरुवातीला पाणी पितेच. तासाभरात बोटाच्या जाडीएवढंही उतरलं नाही, तर तिथे शोषखड्ड्याचा हट्ट सोडा. त्या आळीचं पाणी उताराने स्थिरीकरण तळ्याकडे (सांडपाणी साठून आपोआप निवळतं ते तळं) किंवा ते शोषून घेणाऱ्या कर्दळीच्या वाफ्याकडे न्यावं लागेल. त्या जागेचा सातबारा आत्ताच काढा, गायरान असेल तर महसूल खात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो.

हिशोब सोपा आहे. घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर पाण्याचा. दीड हजार वस्तीला 82,500 लिटर, त्यातलं दोन तृतीयांश धरलं तरी रोज 55 हजार लिटर मोऱ्या-न्हाण्यांतून बाहेर पडतं. घरच्या बोअरचं पाणी त्यावर वेगळं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला या कामासाठी माणशी 280 रुपये धरले होते, म्हणजे या गावाला 4 लाख 20 हजार. एवढ्यात गावभर बंदिस्त गटार होत नाही. म्हणून परसात जागा आणि खाली मुरूम असेल त्या घराचं पाणी घरीच जिरवा. नांदेड जिल्ह्यात गाजलेला मॅजिक पिट त्यासाठी चांगला आहे: खड्ड्यात मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूने भोकं, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी दगडांतून मुरतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो घरोघरच्या फेरीला. सेप्टिक टँकचा पाइप गटारात सोडलेला असेल, तर ते नुसतं सांडपाणी राहत नाही, त्यात मैला येतो आणि तुमचा सगळा हिशोब कोलमडतो. असं घर ग्रामसभेत नाव घेऊन दाखवू नका, माणसं दुखावतात आणि मग ऐकत नाहीत. आशाताईंना बरोबर घेऊन ओसरीवर बसा, पाइप कुठे वळवायचा ते जागेवर दाखवा, आणि तिथला शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्या.

खणाई सुरू होण्याआधीच गाळ कोण काढणार, किती दिवसांनी आणि किती मोबदल्यात, हे ठरावात लिहून घ्या. गमबूट-हातमोजे त्याच खर्चात धरा. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय तसं करायला तर 2013 च्या कायद्याने बंदीच आहे. उपसा करणाऱ्या जवळच्या टँकरचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ठेवा.