पिकअपचं इंजिन बदलताय? या चुका टाळा

आंब्याचा सीझन ऐन भरात होता आणि काकांची पिकअप आंबा घाटात तिसरा गिअर धरेना. साखरप्यापर्यंत ठीक चालायची, चढ लागला की दुसरा, कधी पहिला. मागे पेट्या आणि कोल्हापुरात सौद्याची वेळ ठरलेली. गावातल्या तिघांनी एकच निकाल दिला, ‘इंजिन गेलं, बदलून टाका.’ ऑइल भरायचं झाकण काढलं की थोडा धूरही यायचा, त्यामुळे कुणी दुसरं काही तपासलं नाही. जुन्या बाजारातून इंजिन आणलं, बसवलं, आमचं जुनं भंगारात घातलं. पहिल्याच फेरीला घाटात पुन्हा तेच.

वर चहाला थांबलो तेव्हा क्लीनरने मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतलं. चर्र झालं आणि वाफ निघाली. व्हील सिलिंडर जाम होऊन ब्रेक सुटतच नव्हता. इतके दिवस आम्ही ब्रेक दाबून घाट चढत होतो.

तेव्हापासून कुणी इंजिन बदलायचं म्हटलं की मी आधी चाकांना हात लावून बघायला सांगतो.

इंजिन मेलंय हे कुणी ठरवलं?

‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीमागे इंजिन सोडून बरंच काही असतं. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. एअर फिल्टर धुळीने चोंदला किंवा डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलं तरी दम तुटतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर गाडी पंचवीस-तीस किलोमीटर चालून मरते, झाकण उघडलं की पुन्हा सुरू होते. यातल्या एकाही गोष्टीसाठी इंजिन उतरवावं लागत नाही.

धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, त्यामुळे नोझल, डिझेल पंप आणि फिल्टरकडे वळा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण टर्बोची गाडी असेल तर आधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का पाहा, कारण टर्बोचं सील गेलं तरी धूर निळाच येतो. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस पाण्यात शिरतोय. हेड उतरवून फेसिंग आणि प्रेशर टेस्ट करून घेतली की बऱ्याच गाड्या पुढे काही वर्षं चालतात.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांच्या कडेने खाली उतरून ऑइलच्या झाकणातून येणं, त्याबद्दलही जरा सबुरीने घ्या. झाकण उघडल्यावर वाफेसारखा हलका धूर जुन्या डिझेल गाडीत येतोच. झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. ते नाचून खाली पडलं, तर रिंगा किंवा लायनर गेल्याचा दाट संशय घ्यायला हरकत नाही. तरीही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजायला लावा. चारही आकडे सारखेच कमी आले तर इंजिन म्हातारं झालंय. एकच सिलिंडर पडलेला असेल तर दोष तिथला आहे, सगळं इंजिन बदलायची घाई करू नका.

मोठ्या सीसीचा मोह

इंजिन बदलायचंच ठरलं की लगेच दुसरा विचार येतो, बदलतोयच तर जरा मोठं टाकू. या मोहात मी भल्याभल्या मिस्त्रींना पडलेलं पाहिलंय.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते नीट वाचा. टाटाच्या जुन्या इंजिनांची नावं वाचायला सोपी आहेत. ४८३ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोर (सिलिंडरचा व्यास), १९४८ सीसी. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोर, २९५६ सीसी. टाटा २०७ या एकाच नावाखाली आधी पहिलं आणि पुढे डीआय मॉडेलमध्ये दुसरं इंजिन आलं, त्यामुळे ‘२०७ चं इंजिन द्या’ एवढं सांगून बाजारात जाऊ नका. महिंद्राकडेही तसंच. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० हे ९० मिलिमीटर बोरचं, २११२ सीसी. त्याच घराण्यातलं एक्सडी३पी २४९८ सीसी. आणि महिंद्राचं एमडीआय २५२३ सीसी. सीसी वाचून शेवटची दोन जवळजवळ सारखी वाटतात, पण त्यांचा एक बोल्टसुद्धा एकमेकांना लागेल अशी आशा ठेवू नका.

शिवाय ही इंजिनं दोन जातींची आहेत. प्यूजोचं आणि ४८३ हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं. ते जास्त आरपीएमवर पळतं. एमडीआय आणि ४९७ डायरेक्ट इंजेक्शनची. ती कमी फेऱ्यांत जोर देतात. मागच्या डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर देणारी गिअरची जोडी, कारखान्याने त्या त्या जातीप्रमाणे दिलेलं असतं. जोरात फिरणाऱ्या इंजिनाच्या जागी संथ इंजिन टाकलं आणि क्राउन तेच ठेवलं, तर घाटात मजा येते, पण हायवेला गाडी साठच्या पुढे नुसती ओरडते. उलट केलं तर भरलेल्या गाडीला पहिल्या गिअरमध्येही क्लच जाळावा लागतो. जास्त जोराचं इंजिन टाकलं की पुढचा हिशेब क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि ब्रेक यांच्याकडून वसूल होतो.

माझं मत विचाराल तर जुन्या पिकअपला सगळ्यात चांगलं इंजिन तिचं स्वतःचं. ब्लॉकला चीर नसेल आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) अजून एकदा घासून पुढच्या साइजवर नेता येत असेल, तर स्वतःच्या इंजिनाचं पूर्ण काम करून घ्या. आमच्याकडची माणसं त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जातात. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. इंजिन नंबर तोच राहिल्यामुळे आरटीओची पायरीही चढावी लागत नाही. ब्लॉकच गेला असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच गाडीतून निघालेलं इंजिन शोधा. तिसरा पर्याय मी तरी घेणार नाही.

ट्रॅक्टरचं आणि जनरेटरचं इंजिन

खेड्यापाड्यात ही युक्ती हमखास सुचवली जाते, विशेषतः महिंद्राच्या गाडीला. ती अगदी हवेतली नाही. एमडीआयचा बोर ८८.९ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६ मिलिमीटर आहे, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. हे इंचातलं माप इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाकडून आलंय. त्यांच्याशी भागीदारी करून महिंद्रा १९६३ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. त्यामुळे ‘आतून एकच आहे हो’ हे वाक्य अर्धं खरं असतं, आणि माणूस नेमका त्यालाच फसतो.

ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते, इंजिनच त्याचा कणा. म्हणून त्याचा खालचा ऑइलचा चेंबर जाड बिडाचा असतो आणि गिअरबॉक्सला जोडणारं बेल हाउसिंगही वेगळं. पिकअपच्या क्रॉस मेंबरवर ते बसवायला वेल्डिंग आणि कटिंग आलं. पंपाचा वेग आवरणारा गव्हर्नरही शेतीच्या कामाला लावलेला असतो. जनरेटरचं इंजिन तर दिवसभर १५०० आरपीएमवर स्थिर राहण्यासाठी बांधलेलं असतं, कारण ५० हर्ट्झची वीज त्याच वेगाला मिळते. पंप बदलल्याशिवाय ते रस्त्यावर पळत नाही, आणि पंप बदलून, सेट करून घेईपर्यंत स्वस्ताई संपलेली असते.

चुलीएवढ्या काळ्या ढिगासमोर काय बघायचं

मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला किंवा आपल्या जिल्ह्याच्या भंगार बाजारात गेलात की इंजिनं रांगेने मांडलेली दिसतात. ताजा रंग मारलेलं इंजिन मी आधी बाजूला काढतो. गंजावर मारलेला रंग नखाने निघतो. त्याखाली हेडच्या कडेला पाणी झिरपल्याचे पांढरे ओघळ किंवा ब्लॉकवर वेल्डिंगची शिवण दिसली तर पुढे बोलायचंच नाही.

जमलं तर चालू करून दाखवायला सांगा. गाडीतून काढायच्या आधीच ऐकायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते जमत नसेल तर फ्लायव्हीलला टॉमी (लोखंडी पहार) लावून दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडकतंय का, एखाद्या सिलिंडरवर प्रेशर लागतच नाही का, हे हाताला कळतं. मग चेंबर उघडायचा आग्रह धरा. नंतर दुसऱ्यांदा इंजिन बघायला गेलो तेव्हा आमच्या मिस्त्रींनी हेच केलं. तळाचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून उन्हात धरलं. बोटांवर सोनेरी चमक होती, पावडर लावल्यासारखी.

‘भाऊ, बेअरिंग उतरलंय,’ एवढंच म्हणाले आणि हात पुसत बाहेर पडले. विक्रेता मागून भाव कमी करत राहिला.

क्रँक उघडा दिसत असेल तर कितव्या साइजवर आहे ते विचारा. घासत घासत दहा, वीस, तीस (इंचाचे हजारावे भाग) असे टप्पे होतात. बेअरिंगच्या पाठीवर साइज छापलेला असतो, तो स्वतः वाचा. तीसवर पोचलेला क्रँक म्हणजे पुढच्या कामाला नवा क्रँक आलाच.

इंजिन नंबराची जागा वायर ब्रशने साफ करून घ्या. अंक एका ओळीत, सारख्या खोलीचे हवेत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर ते चोरीचं असू शकतं, भाव कितीही पडलेला असो. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या कागदांची प्रत मागा. नुसत्या वहीच्या पानावरची पावती पुढे उपयोगी पडत नाही.

आणखी एक. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ यांचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो. पंप, नोझल, स्टार्टर, अल्टरनेटर, फ्लायव्हील, टर्बो, मॅनिफोल्ड, माउंटिंगचे ब्रॅकेट यातलं काय काय मिळणार, ते उभ्या उभ्या लिहून घ्या. मॉडेल तेच पण गाडी वेगळी असेल तर ब्रॅकेट आणि चेंबर हमखास तपासा.

कॉमन रेल असेल तर

कॉमन रेलमध्ये सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं आणि ते संगणक सोडतो. बीएस-फोर, म्हणजे भारत स्टेजच्या चौथ्या प्रदूषण मानकाच्या गाडीचं इंजिन म्हणजे लोखंड अधिक वायरिंग. देशभर बीएस-फोर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, मोठ्या शहरांत त्याआधी २०१० मध्येच. एमडीआयच्या मापाचंच २५२३ सीसीचं एमटूडीआयसीआर हे कॉमन रेल इंजिन त्या काळात बोलेरो पिकअपमध्ये आलं. माप तेच, पण हाय प्रेशर पंप, रेल, सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा संगणक) सगळं वेगळं. ‘कटकट नको, साधा पंप लावून टाकू’ असा सल्ला मिळेल. ऐकू नका. ज्या प्रदूषण मानकावर गाडी नोंदली आहे त्याच्या खालचं इंजिन टाकणं बेकायदा आहे. जुन्या मेकॅनिकल गाडीत कॉमन रेल टाकायचं असेल तर पूर्ण वायरिंग, ईसीएम आणि पेडल एकाच गाडीतून काढलेलं घ्या, आणि आधी आरटीओत विचारून या.

कागद आधी, इंजिन उचलायचा चेन ब्लॉक नंतर

आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवावा लागतो. मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल तर चालतच नाही. म्हणूनही त्याच मॉडेलचं इंजिन बरं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं, म्हणजे नंबराचा घोळ वर्षभराच्या आत उघडा पडतोच. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर आधी इंजिन आणि चेसिस हे दोन नंबर बघतो.

याच फेरीत चेसिसही बघून घ्या. लोडबॉडीखालची फ्रेम हातोडीने ठोकून पाहा. ठक्क वाजण्याऐवजी भद वाजलं आणि गंजाचे पापुद्रे पडले, तर इंजिनाचे पैसे खिशात ठेवा. आमच्या कोकणात खारी हवा इंजिनाआधी चेसिस खाते.

बसवल्यावर

जुना रेडिएटर तसाच ठेवून नवं इंजिन गरम करणारे लोक सर्वांत जास्त भेटतात. रेडिएटर रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळी घालून साफ करून घ्या. होज पाइप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील हे इंजिन खाली असतानाच बदला. नंतर पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी द्यावी लागते. आधीच्या इंजिनाचं बेअरिंग फुटलं असेल तर ऑइल कूलरमध्ये कचरा बसलेला असतो. तो धुतल्याशिवाय लावू नका. पाणी विहिरीचं नको, कूलंट घाला.

पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा, थांबून थांबून. पहिले हजार किलोमीटर अर्ध्या लोडवर चालवा. वरच्या गिअरमध्ये रडवू नका, उगाच रेसही करू नका. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि मिस्त्रींसारखं बोटांत चोळून उन्हात धरा.