ऑफ-रोड ट्रकमधील खडखड आणि सस्पेन्शनचे आवाज: मूळ शोधण्याची पद्धत

खडबडीत वाटांवर चालणाऱ्या ट्रकमधला आवाज बंद करण्यापूर्वी तो नेमका कोठून येतो हे निश्चित केले पाहिजे, कारण आवाज चॅसीतून दूरवर पोहोचतो आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुशमधली, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीमधली, करकर चालकाला आपल्याच सीटखालून येत असल्यासारखी वाटू शकते. केबिनमधली खडखड बहुधा केवळ त्रासदायक असते, सस्पेन्शनमधला ठोका मात्र धोक्याची सूचना असू शकतो. म्हणून हे दोन्ही आधी वेगळे करावेत.

त्यासाठी जॅक, पाने, बाटल्या, कप्प्यांतली नाणी असे सर्व सुटे सामान बाहेर काढावे आणि मोकळे सीट-बेल्ट अडकवून टाकावेत. मग दुसऱ्या कोणाला तरी ट्रक हळू चालवायला सांगून स्वतः बाजूला बसावे आणि डॅशबोर्ड, दारांची पॅनेल व छताचे अस्तर हाताने एकेक करून दाबत जावे. दाबताच आवाज थांबला, तर जागा सापडली. प्लास्टिकवर प्लास्टिक घासत असेल तेथे फेल्टची पट्टी चिकटवावी आणि तुटलेल्या क्लिप बदलाव्यात. दारांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. खनिज तेलाचे साधे ग्रीस बहुतेक रबर फुगवते आणि मऊ करते, त्यामुळे ते टाळलेलेच बरे.

ट्रकखाली जाण्यापूर्वी जमीन सपाट असल्याची खात्री करावी, चाकांना अडण्या लावाव्यात आणि उचललेला भार भक्कम स्टँडवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

किरकिर आणि करकर बहुतांशी बुशमधून येते. ती ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे एका वेळी एकाच बुशवर पाणी फवारून गाडी वरखाली दाबून पाहणे; आवाज तात्पुरता नाहीसा झाला, तर दोषी बुश तोच. पॉलियुरेथेनचे बुश ग्रीसशिवाय बसवले की हमखास कुरकुरतात. रबरी बुश बदलताना कंट्रोल आर्मचे (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यानंतरच अंतिम घट्ट करावेत, कारण चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. ही चूक सर्रास होते आणि नव्या बुशचे आयुष्य तीच संपवते, म्हणून यावर मुद्दाम भर द्यावासा वाटतो. पाट्यांच्या बाबतीत शॅकलचे (पाट्यांचे टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, पाट्यांमधले झिजलेले पॅड आणि पाट्या अॅक्सलला आवळणारे सैल यू-बोल्ट तपासावेत. नवे यू-बोल्ट बसवले असतील, तर काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) ते पुन्हा तपासणे अनिवार्य समजावे.

लहान खड्ड्यांवर कमी वेगात ‘खट-खट’ असा आवाज येत असल्यास प्रथम स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंकवर संशय घ्यावा. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून आणि मोकळी टोके नीट बांधून मोकळ्या जागेत अगदी सावकाश गाडी चालवली असता आवाज गेला, तर निदान पक्के होते. तो तसाच राहिला, तर पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवावे: ढिलाई जाणवली, तर बॉल जॉइंट (चाकाकडचा गोलाकार सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले असते. सोबत्याने ब्रेक दाबल्यावर ही ढिलाई नाहीशी होत असेल, तर दोष बेअरिंगचा. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरूनही हलवावे, म्हणजे टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या) टोकांतली ढिलाई कळते. यांपैकी काहीही ढिले आढळल्यास ते बदलेपर्यंत ट्रक वाटेवर काढू नये.

शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसते का आणि त्याच्या वरच्या टोकाचा नट सैल आहे का, हेही पाहावे. शेवटी सायलेन्सरच्या उष्णतारोधक पत्र्यावर, तो पूर्ण थंड झाल्यावर, मुठीने हलकेच ठोकून तो खडखडतो का हे पाहावे, आणि खालच्या संरक्षक पत्र्यात अडकलेले दगड काढून टाकावेत. तपासलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून लगतच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या खडतर प्रवासानंतर कोणता बोल्ट फिरला आहे ते पाना न लावताच दिसेल.